शेक्सपिअरचे राजे पडद्यावर आणणारे ग्रिगोरी कोझिन्त्सेव

१९६०च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओत एका राजाचा शोध चालला होता. 'राजा लिअर' या नाटकावर चित्रपट काढायचा होता आणि लिअरच्या भूमिकेसाठी नट मिळत नव्हता. भारदस्त आवाजाचे, धिप्पाड बांध्याचे नट येऊन गेले. दिग्दर्शकांचे समाधान होईना. त्याच सुमारास एस्टोनियाहून एक नट आला. त्याला एका वेड्या भिकाऱ्याच्या लहानशा भूमिकेसाठी बोलावले होते. अंगाने किरकोळ, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे आणि रशियन भाषा अडखळत बोलणारा. दिग्दर्शकांनी त्याचे डोळे पाहिले आणि त्यांना त्यांचा राजा सापडला. भिकारी व्हायला आलेला माणूस राजा झाला.

ते दिग्दर्शक म्हणजे ग्रिगोरी मिखाइलोविच कोझिन्त्सेव. भिकाऱ्याच्या चेहऱ्यात त्यांना राजा का दिसला, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य पाहावे लागते. सत्ता माणसाचे काय करते, हे त्यांनी आधी पुस्तकात नव्हे, आपल्या आजूबाजूला पाहिले होते.

कीव्हमधले बालपण

कोझिन्त्सेव यांचा जन्म २२ मार्च १९०५ रोजी कीव्ह शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. थोरली बहीण ल्युबोव्ह चित्रकार झाली आणि पुढे प्रसिद्ध लेखक इल्या एरेनबुर्ग यांच्याशी तिचे लग्न झाले. घरात पुस्तके होती, चित्रे होती आणि बाहेर रस्त्यावर यादवी युद्ध होते. १९१८ ते १९२० या काळात कीव्ह शहर कितीतरी वेळा या हातातून त्या हातात गेले. आज एका सैन्याचा झेंडा, तर महिन्याभराने दुसऱ्याचा. प्रत्येक नवा अधिकारी नवे जाहीरनामे भिंतीवर चिकटवी आणि यहुदी वस्तीत प्रत्येक वेळी नवी धास्ती पसरे.

अशा दिवसांत चौदा वर्षांचा ग्रिगोरी अलेक्सांद्रा एक्स्तेर या चित्रकर्तीच्या चित्रशाळेत शिकत होता आणि मित्रांबरोबर नाटके करत होता. या मित्रांपैकी दोघे म्हणजे सेर्गेई युत्केविच आणि अलेक्सेई कापलेर. तिघांनी मिळून कीव्हमध्ये एक छोटे नाट्यगृह काढले. तिघेही पुढे चित्रपटक्षेत्रात नावारूपाला आले. कापलेर यांची हकिगत पुढे येईलच.

१९२० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, कोझिन्त्सेव पेत्रोग्राडला गेले. याच शहराचे पुढे लेनिनग्राड झाले. तिथे त्यांची गाठ लिओनिद त्राउबर्ग यांच्याशी पडली. त्राउबर्ग हेही यहुदी घरातले, ओडेसाचे. दोघांच्या डोक्यात एकच वेड होते. जुनी, संथ, गंभीर नाटके त्यांना नको होती. सर्कस, विदूषक, जत्रेतले खेळ, चार्ली चॅप्लिनचे मूकपट यांच्यातला जोम त्यांना रंगभूमीवर हवा होता. त्यांनी एक कार्यशाळा काढली आणि तिला विक्षिप्त नटांचा कारखाना अशा अर्थाचे नाव दिले. १९२२ साली त्यांनी गोगोल यांच्या 'लग्न' या नाटकाचा असा काही प्रयोग केला की मूळ नाटक शोधूनही सापडू नये. प्रेक्षक चक्रावून गेले, पण हे विशीही न ओलांडलेले तरुण खूश होते.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. अभिजात नाटकाची मोडतोड करून ज्याने सुरुवात केली, त्यानेच पुढे अभिजात नाटकाचा प्रत्येक शब्द तोलून पाहण्यात आयुष्याची शेवटची वीस वर्षे घालवली.

मूकपटाकडून बोलपटाकडे

१९२४ साली या जोडीचा पहिला चित्रपट आला. १९२६ साली त्यांनी गोगोल यांच्या 'ओव्हरकोट' या कथेवर मूकपट काढला. एका गरीब कारकुनाची ही गोष्ट. भल्यामोठ्या पुतळ्यांच्या आणि रिकाम्या रस्त्यांच्या शहरात तो इवलासा दिसतो. बलाढ्य राज्य आणि लहान माणूस यांचे हे चित्र कोझिन्त्सेव यांच्या मनातून कधी गेले नाही.

१९२९ साली पॅरिस कम्यूनवरचा 'न्यू बॅबिलॉन' हा मूकपट आला. त्याच्यासोबत वाजवायचे संगीत एका तरुण संगीतकाराने लिहिले. त्याचे नाव द्मित्री शोस्ताकोविच. चित्रपटासाठी त्यांनी केलेले हे पहिलेच काम. कोझिन्त्सेव आणि शोस्ताकोविच यांची ही सोबत पुढे चाळीस वर्षांहून जास्त टिकली.

१९३१ साली त्यांच्या 'एकटी' या चित्रपटात आवाज आला. त्याच साली मुंबईत 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट झळकला. त्याची कथा बेने इस्राएल नाटककार जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतली होती. राजवाडा, दोन राण्या आणि त्यांच्यातली चढाओढ असा तिचा विषय होता. रंगभूमीवरचा राजवाडा पडद्यावर कसा आणायचा, हा प्रश्न त्या काळात मुंबईलाही पडला होता आणि लेनिनग्राडलाही.

१९३५ ते १९३९ या काळात कोझिन्त्सेव आणि त्राउबर्ग यांनी माक्सिम नावाच्या एका तरुण कामगारावर तीन चित्रपट काढले. ते अतिशय लोकप्रिय झाले आणि १९४१ साली त्यांना स्तालिन पुरस्कार मिळाला. वरवर पाहता सगळे छान चालले होते. पण हीच वर्षे मोठ्या धरपकडीची होती. कोझिन्त्सेव ज्यांना गुरुस्थानी मानत, ते थोर नाट्यदिग्दर्शक मेयेरहोल्ड १९३९ साली पकडले गेले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. एका हाताने पुरस्कार देणारी सत्ता दुसऱ्या हाताने काय करते, हे सगळ्यांना दिसत होते. बोलत कोणी नव्हते.

दोन लिअर

१९३५ साली मॉस्कोच्या यहुदी रंगभूमीवर 'राजा लिअर'चा एक प्रयोग झाला होता. भाषा यिद्दिश होती. लिअर झाले होते सोलोमन मिखोएल्स आणि त्यांचा विदूषक झाले होते वेन्यामिन झुस्किन. मिखोएल्स उंचीने लहान होते. त्यांचा राजा दाढीमिशांचा, भव्य नव्हता. तो स्वतःच्या हुशारीवर नको इतका विश्वास ठेवणारा म्हातारा होता. त्या प्रयोगाची ख्याती रशियाबाहेरही पोचली.

मार्च १९४१ मध्ये कोझिन्त्सेव यांनी लेनिनग्राडच्या बोल्शोई नाट्यगृहात स्वतःचा 'राजा लिअर' बसवला. नेपथ्य नाथान आल्टमन यांचे होते आणि संगीत शोस्ताकोविच यांचे. तीन महिन्यांत, २२ जूनला, जर्मन सैन्य रशियात घुसले. सप्टेंबरात लेनिनग्राडला वेढा पडला. तो ८७२ दिवस टिकला आणि शहरातले लाखो लोक भुकेने आणि थंडीने मेले. स्टुडिओतल्या लोकांना दूर अल्मा-आता शहरी हलवण्यात आले. त्याच सप्टेंबरच्या २९ आणि ३० तारखेला कीव्हजवळच्या बाबी यार घळीत नाझींनी ३३,७७१ यहुदी माणसे मारली. कोझिन्त्सेव यांच्या जन्मगावातली यहुदी वस्ती दोन दिवसांत संपली.

युद्ध संपले, पण सुटका झाली नाही. युद्धाच्या काळात कारखाने आणि कामगार पूर्वेकडे हलवले गेले, त्यांच्यावर कोझिन्त्सेव आणि त्राउबर्ग यांनी 'साधी माणसे' हा चित्रपट काढला होता. १९४६ साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने एका ठरावात त्याच्यावर कडक टीका केली आणि तो पेटीत बंद झाला. दहा वर्षे कोणी तो पाहिला नाही. त्याच ठरावात आयझेनस्टाइन यांच्या 'इव्हान द टेरिबल' चित्रपटाच्या दुसऱ्या भागावरही ठपका होता. सत्तेने पिसाट झालेल्या एका झारचे ते चित्र होते आणि ते कोणाला झोंबले, हे सांगायची गरज नव्हती.

यानंतर कोझिन्त्सेव आणि त्राउबर्ग यांची वीस वर्षांहून जुनी जोडी फुटली. १९४९ साली देशभर एक मोहीम सुरू झाली. मुळे नसलेले विश्वनागरिक असा शिक्का मारून माणसांना नोकऱ्यांवरून काढू लागले. शिक्का बसलेल्यांत बहुतेक नावे यहुदी होती. चित्रपटक्षेत्रात त्राउबर्ग यांचे नाव या यादीत वरच होते.

मिखोएल्स यांना त्याआधीच, जानेवारी १९४८ मध्ये, मिन्स्क शहरात गुप्त पोलिसांनी ठार केले होते आणि तो अपघात असल्याचे भासवले होते. १९४९ साली त्यांचे यहुदी नाट्यगृह बंद झाले. विदूषक झालेले झुस्किन यांना १२ ऑगस्ट १९५२ रोजी इतर यहुदी लेखक आणि कार्यकर्त्यांबरोबर गोळी घालण्यात आली. अशा रीतीने यिद्दिश रंगभूमीचा राजा आणि त्याचा विदूषक दोघेही गेले.

आणि कीव्हचा बालमित्र कापलेर? युद्धाच्या काळात स्तालिन यांच्या मुलीशी त्यांची मैत्री झाली. बापाला ते खपले नाही. १९४३ साली कापलेर यांना अटक झाली आणि पाच वर्षांसाठी उत्तरेकडच्या व्होर्कुटाला धाडले. ती शिक्षा संपल्यावर आणखी पाच वर्षांची दुसरी मिळाली. बाप राजा असला आणि मुलीने त्याच्या मनाविरुद्ध वागले तर काय होते, ही लिअरचीच गोष्ट होती. फक्त इथे शिक्षा मुलीच्या मित्राने भोगली.

कोझिन्त्सेव या सगळ्यातून वाचले. ते शिकवत राहिले. त्यांच्या वर्गातून पुढे एल्दार रियाझानोव्ह यांच्यासारखे दिग्दर्शक तयार झाले. एकीकडे ते शेक्सपिअर वाचत, टिपणे काढत. त्यांनी हा अभ्यास साठवून ठेवला. पुढे तोच उपयोगी पडला.

अनुवाद, नाटक आणि मग चित्रपट

५ मार्च १९५३ रोजी स्तालिन वारले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, कोझिन्त्सेव यांनी लेनिनग्राडच्या पुश्किन नाट्यगृहात 'हॅम्लेट' रंगभूमीवर आणले. अनुवाद बोरिस पास्तरनाक यांचा होता. पास्तरनाक हेही यहुदी कुटुंबात जन्मलेले कवी. ज्या वर्षांत स्वतःच्या कविता छापणे अवघड झाले होते, त्या वर्षांत त्यांनी शेक्सपिअर रशियनमध्ये आणला. त्यांच्या अनुवादात भाषा जड नाही. राजपुत्र, शिपाई, थडगे खणणारा मजूर, सगळे आपापल्या तोंडची जिवंत बोली बोलतात. जुने नाटक आजच्या माणसाला आपले वाटायचे तर त्याची भाषा आधी आजची व्हावी लागते. कोझिन्त्सेव यांच्या कामाचा हा पहिला पाया होता.

मराठी माणसाला हे नवीन नाही. गोपाळ गणेश आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात होते, तेव्हा ते हॅम्लेटच्या मराठी अनुवादावर काम करत होते. 'विकारविलसित' या नावाने तो प्रसिद्ध झाला. सत्तेशी ज्याचे भांडण होते, त्याला हॅम्लेट जवळचा वाटतो, मग तो पुण्याचा असो की मॉस्कोचा.

१९५७ साली कोझिन्त्सेव यांनी 'डॉन किखोते' हा रंगीत चित्रपट काढला. नायक झाले निकोलाई चेर्कासोव्ह. याच नटाने पूर्वी आयझेनस्टाइन यांचा इव्हान द टेरिबल केला होता. प्रजेला थरकापवणारा राजा आता एक वेडा, भला, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा सरदार झाला होता.

मग 'हॅम्लेट'ची तयारी सुरू झाली. चित्रपट १९६४ साली, शेक्सपिअर यांच्या जन्माला चारशे वर्षे झाली त्या वर्षी, प्रदर्शित झाला. पास्तरनाक तो पाहायला नव्हते. 'डॉक्टर झिवागो' या कादंबरीमुळे १९५८ साली त्यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला, पण सरकारच्या दडपणाखाली तो नाकारावा लागला आणि १९६० साली ते गेले.

दगडी राजवाड्यातला तुरुंग

सोळा वर्षांपूर्वी, १९४८ साली, इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी हॅम्लेटवर गाजलेला चित्रपट काढला होता. नाटक लांब असल्याने त्यांनी बरेच कापले. हॅम्लेटवर पाळत ठेवणारे दोन जुने मित्र कापले आणि शेवटी येऊन राज्य घेणारा परका राजपुत्रही कापला. जे उरले ती एका माणसाच्या मनातली घालमेल होती. कोझिन्त्सेव यांना ऑलिव्हिए यांच्याबद्दल आदर होता, पण जे कापले गेले तेच त्यांना हवे होते. राज्यकारभार, हेर, दरबारी, सैन्य आणि गडाबाहेरची प्रजा. हॅम्लेट एकटा विचार करत नाही, तो अशा देशात विचार करतो जिथे विचार करणे हाच गुन्हा आहे.

नाटक पडद्यावर आणताना त्यांनी शब्दांचे चित्र कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला हॅम्लेट घोडा दौडवत गडात येतो आणि त्याच्यामागे उचलता पूल वर जातो, लोखंडी दार खाली उतरते. डेन्मार्क हा तुरुंग आहे हे नाटकात हॅम्लेट पुढे सांगतो. इथे त्याने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला ते दिसलेले असते.

नवा राजा क्लॉडिअस याचे पहिले लांबलचक भाषण नाटकात दरबारात होते. कोझिन्त्सेव यांनी त्याचे तुकडे केले. सुरुवातीचा भाग एक दवंडीवाला गडाबाहेर जमलेल्या गरीब रयतेला वाचून दाखवतो. पुढचा भाग दरबारी आणि परदेशी वकील आपापल्या भाषांत कुजबुजतात. उरलेला भाग राजा स्वतः मंत्र्यांपुढे बोलतो. एकच हुकूम वरून खाली कसा झिरपतो, हे दोन मिनिटांत कळते. शब्द शेक्सपिअरचेच आहेत, पण सत्तेची सगळी उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते.

हॅम्लेटचे पहिले स्वगत रंगभूमीवर नट एकटा उभा राहून म्हणतो. चित्रपटात हॅम्लेट दरबाऱ्यांच्या गर्दीतून चालत असतो. सगळे हसतात, नमस्कार घालतात. त्याचे ओठ मिटलेले असतात आणि त्याचा आवाज आपल्याला आतून ऐकू येतो. ज्या देशात मनातले बोलायचे नसते तिथल्या प्रेक्षकांना हे समजावून द्यावे लागले नाही.

ऑफेलियाच्या वडिलांचा खून होतो, तेव्हा दासी तिला सुतकाचे कपडे चढवतात. त्याआधी तिच्या अंगावर लोखंडी सांगाडा आवळला जातो. एक शब्द न बोलता या मुलीचे काय झाले ते कळते.

हॅम्लेट झाले होते इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की. हा नट युद्धात लढला होता, जर्मनांच्या कैदेत पडला होता आणि तिथून निसटला होता. जे शत्रूच्या कैदेत राहून आले त्यांच्याकडे स्तालिन यांचे सरकार संशयाने पाही. म्हणून युद्धानंतर तो दूर उत्तरेला नोरिल्स्कच्या नाट्यगृहात जाऊन राहिला होता. हॅम्लेटचे जुने मित्र त्याच्या मनातले काढून घ्यायला येतात, तेव्हा तो त्यांच्या हाती बासरी देतो आणि वाजवायला सांगतो. त्यांना ती येत नाही. साधी बासरी वाजवता येत नाही आणि माणसाला वाजवायला निघालात, असा त्याचा रोख असतो. स्मोक्तुनोव्स्की हा प्रसंग आरडाओरडा न करता करतात, म्हणूनच तो अंगावर येतो.

संगीत शोस्ताकोविच यांचे. छायाचित्रण लिथुआनियाचे योनास ग्रित्सिउस यांचे. रंगीत चित्रपटाचे दिवस आले होते तरी कोझिन्त्सेव यांनी मुद्दाम काळा-पांढरा पडदा निवडला. दगड, लोखंड, आग, समुद्र आणि माती एवढ्याच गोष्टींवर त्यांनी दोन तास वीस मिनिटांचा चित्रपट उभा केला. हॅम्लेटला मरणही दरबारात येत नाही. तो बाहेर पडतो, समुद्राजवळच्या खडकांपर्यंत जातो आणि मोकळ्या हवेत प्राण सोडतो. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९६५ साली देशात लेनिन पुरस्कार मिळाला.

भिकाऱ्यांमधला राजा

त्यानंतर कोझिन्त्सेव 'राजा लिअर'कडे वळले. तयारीच्या काळात ते जपानला गेले. तिथे त्यांनी नोह रंगभूमी पाहिली आणि हिरोशिमा पाहिले. कुरोसावा यांनी 'मॅक्बेथ' नाटक जपानच्या सामुराईंच्या काळात नेऊन १९५७ साली 'थ्रोन ऑफ ब्लड' काढला होता. त्या चित्रपटाला कोझिन्त्सेव फार मानत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पीटर ब्रूक हेही लिअरवरच चित्रपट करत होते. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली, अडचणी सांगितल्या. एकाच नाटकावर काम करणारे दोन दिग्दर्शक प्रतिस्पर्धी न होता पत्रमित्र झाले.

राजा झाले यूरी यार्वेत, तेच भिकाऱ्याच्या भूमिकेसाठी आलेले एस्टोनियन नट. त्यांच्या रशियन उच्चारांमुळे पडद्यावरचा आवाज झिनोव्ही गेर्द्त या यहुदी नटाने दिला.

चित्रपट राजवाड्यात सुरू होत नाही. खडकाळ वाटेवरून भिकारी, लंगडे, मुले घेतलेल्या बाया असे असंख्य लोक चालत येतात. सगळे गडाकडे निघाले आहेत, कारण आज राजा राज्य वाटणार आहे. मग आत दरबार स्तब्ध उभा दिसतो. दाराआडून घुंगरू आणि हसू ऐकू येते आणि विदूषकाबरोबर हसत एक पांढऱ्या केसांचा किरकोळ म्हातारा आत येतो. हाच राजा. अंगात बळ नाही, शरीर थकलेले. तरी त्याने नुसते पाहिले तर सगळे थरथरतात. सत्ता त्याच्या अंगात नाही, बघणाऱ्यांच्या भीतीत आहे. स्तालिनही उंचीने लहानच होते.

राज्य गेल्यावर लिअर वादळात एका झोपडीत आसरा घेतो. नाटकात तिथे एक वेडा भिकारी भेटतो. चित्रपटात ती झोपडी भिकाऱ्यांनी भरलेली आहे. सुरुवातीला वाटेवर जे लोक दिसले होते, त्यांच्यातच आता राजा येऊन बसला आहे. इतकी वर्षे राज्य केले आणि आपल्या प्रजेकडे कधी लक्ष दिले नाही, हे त्याला इथे उमगते. भिकाऱ्याचा चेहरा असलेला राजा कोझिन्त्सेव यांना का हवा होता, त्याचे उत्तर या झोपडीत आहे.

विदूषक झाला ओलेग दाल. हा विदूषक रंगीबेरंगी टोपीचा नाही. तो डोके भादरलेला, फाटक्या कपड्यांतला पोरगा आहे. आउश्विट्झच्या छळछावणीत कैद्यांचा वाद्यवृंद होता आणि तिथे मरणाच्या दारात वाजवायला लावत. आपला विदूषक त्या वाद्यवृंदातल्या मुलासारखा आहे, असे कोझिन्त्सेव यांनी लिहून ठेवले आहे. शेक्सपिअरच्या नाटकात विदूषक मध्येच नाहीसा होतो आणि पुन्हा दिसत नाही. कोझिन्त्सेव यांनी त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवले. गाव जळून गेले आहे. लिअर आणि त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया यांची प्रेते शिपाई घेऊन जात आहेत. विदूषक जमिनीवर बसून रडत रडत पावा वाजवतो. एक शिपाई त्याला लाथेने बाजूला सारतो. तो पुन्हा वाजवू लागतो. आजूबाजूला उरलेली माणसे आगी विझवत आहेत.

यिद्दिश रंगभूमीचा लिअर आणि त्याचा विदूषक मारले गेले, त्याला तेव्हा वीसच वर्षे झाली होती. कोझिन्त्सेव यांच्या चित्रपटात राजा मरतो, पण विदूषकाचा पावा थांबत नाही.

हा चित्रपट १९७१ साली लोकांपुढे आला. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर १९७० मध्ये, मुंबईत वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' नाटकाचा पहिला प्रयोग झाला होता. श्रीराम लागू यांचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले, त्यांना लिअरची वेगळी ओळख करून द्यायला नको. शिरवाडकरांनी राजाला म्हातारा नट केले आणि राज्याच्या जागी घरदार ठेवले. कोझिन्त्सेव यांनी राजाला राजाच ठेवले आणि त्याच्याभोवती सगळी प्रजा उभी केली. वाटा दोन, पण दोघांनीही जुने नाटक आपल्या लोकांचे केले.

अखेर

'राजा लिअर' हा कोझिन्त्सेव यांचा शेवटचा चित्रपट ठरला आणि शोस्ताकोविच यांचे शेवटचे चित्रपटसंगीतही. लिअरच्या कामाची हकिगत त्यांनी एका पुस्तकात लिहिली. शेक्सपिअरवरचे त्यांचे आधीचे पुस्तकही अनेक भाषांत गेले आहे. जिथून त्यांनी तरुणपणी सुरुवात केली होती त्या गोगोलवर पुन्हा एक चित्रपट करायचे त्यांच्या मनात होते. ते राहून गेले. ११ मे १९७३ रोजी लेनिनग्राडमध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी कोणाला उघड आव्हान दिले नाही. ते ज्या राज्यात राहिले त्याच राज्याचे पुरस्कारही त्यांनी घेतले. मित्र आणि गुरू गेले तेव्हा ते गप्प राहिलेल्या असंख्य लोकांतले एक होते. पण जे आयुष्यात मोठ्याने म्हणता आले नाही, ते त्यांनी एका चारशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराच्या आड उभे राहून पडद्यावर मांडले आणि लाखो लोकांनी ते अंधारात बसून पाहिले. वडील पिढीने मुलांबरोबर हे दोन चित्रपट जरूर पाहावेत. रशियन येत नसली तरी चालेल. आधी गोष्ट मराठीत सांगावी, मग पडदा बघावा. विदूषकाच्या पाव्याला भाषा लागत नाही.